फायरच्या बटणाचं एवढं कौतुक नको

खाली आपलं इवलंसं यान, वरून सरकत येणारं अवकाश आणि शत्रूंच्या झुंडी. या जुन्या गेमना "नुसतं ढिशुम ढिशुम" म्हणून उडवून लावणारे बरेच भेटतात. गंमत म्हणजे त्यांची बाजू घेणारेही तेच बोलतात, फक्त कौतुकाने: काय फायरिंग आहे राव!

माझ्या मते गोळ्या झाडणं हा या गेममधला सगळ्यात सोपा भाग आहे. गोळी सरळ वर जाते, त्यात नेम कसला धरायचा? पडदा आपल्यासाठी थांबत नाही. आपल्याला ठरवायचं असतं ते एवढंच, की पुढच्या क्षणी उभं कुठे राहायचं. खेळ जागेचा आहे, आणि चांगल्या गेम बनवणाऱ्यांना हे पहिल्यापासून कळलेलं होतं.

१९८१ चा गॅलागा घ्या. (त्यात फक्त मागचे तारे सरकतात, शत्रू ठरल्या जागी रांग धरतात; पण घराणं हेच.) शत्रूचा म्होरक्या किरण सोडून आपलं यान ओढून नेतो. ते सोडवून आणलं की दोन यानं जोडीने उडतात आणि मारा दुप्पट होतो. सगळे खूश. पण आता अंगाची रुंदीही दुप्पट झालेली असते! काल ज्या फटीतून सुटत होतो तिथेच आज एक यान फुटतं. ताकद हवी तर जागा सोडा, असा रोखठोक सौदा.

किंवा रिव्हर रेड. १९८२, टीव्हीला जोडायचं अटारी २६०० हे यंत्र, गेम करणारी कॅरोल शॉ. अवकाश नाही, नदी आहे, यानाऐवजी विमान आहे, पण वरून खाली सरकणाऱ्या गेममध्ये माझ्या लेखी याचा नंबर फार वरचा. इंधन सतत संपत असतं आणि नदीतल्या टाक्यांवरून उडत गेलं की भरतं. त्याच टाक्यांवर गोळी घातली तर गुण मिळतात. म्हणजे बोट शिवशिवणारा माणूस गुण मिळवत मिळवत आपलंच पेट्रोल उडवून देतो आणि पुढच्या पुलाच्या अलीकडे कोसळतो. गोळी न झाडण्याला इतकी किंमत देणारा गेम त्या काळात मला तरी दुसरा आठवत नाही. आणि हे सगळं ४ केबीच्या कार्ट्रिजमध्ये! एवढ्यात नदीचा अख्खा नकाशा मावणं शक्यच नव्हतं, म्हणून ती नदी गणिताने जागच्या जागी तयार होते. सुरुवातीचा आकडा ठरलेला, त्यामुळे दर वेळी वळणं तीच येतात आणि पाठ करता येतात.

नामको कंपनीच्या झेव्हियसमध्ये तर गोल फिरत येणाऱ्या पत्र्यांवर गोळीचा काही परिणामच होत नाही. मुकाट बाजूला व्हायचं.

नव्वदीत गोळ्यांचा पाऊस पाडणारे गेम आले तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, हे कोण खेळणार म्हणून. पण त्यांत यानाचा मार लागणारा भाग दिसतो त्याहून कितीतरी लहान असतो, मध्यावरचे थोडेसे पिक्सेल. पंख गोळीला घासून गेले तरी आपण जिवंत. केव्ह कंपनीच्या १९९५ च्या डोनपाचीत बटण दाबून धरलं की जाड लेझर सुटतो, पण यान मंदावतं. पुन्हा तोच सौदा.

या सगळ्यावर कडी केली ट्रेझर कंपनीच्या इकारुगाने, २००१ मध्ये. यान काळं किंवा पांढरं करता येतं. आपल्या रंगाची गोळी पोटात घालायची, विरुद्ध रंगाची चुकवायची. बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूला, मारलं नाही तर ठराविक वेळाने तो आपणहून निघून जातो. म्हणजे एकही गोळी न झाडता हा अख्खा गेम संपवता येतो, आणि तसं करणाऱ्यासाठी त्यात वेगळी पदवीही ठेवलेली आहे!

म्हणूनच हल्लीच्या मोबाइल गेममध्ये यान आपोआप गोळ्या झाडतं याचा मला अजिबात राग नाही. ते बटण काढल्यावर फारसं काही बिघडत नाही. राग आहे तो विकतच्या अपग्रेडचा. यानच इतकं दणकट करून ठेवतात की चुकवायची गरजच उरत नाही; मग पडद्यावर फटाके बघत बसायचं. वर बोट यानावरच असतं, त्यामुळे जे वाचवायचं तेच दिसत नाही. काही गेम यान बोटाच्या थोडं वर ठेवतात, तेवढी अक्कल सगळ्यांना का नसावी?

ग्रेडियस या गेमचे चाहते आता कमेंटमध्ये येतीलच. या, पण तो आडवा सरकतो, आणि त्यात भिंती असतात. त्याचं भांडण वेगळ्या पोस्टमध्ये करू.