सामूहिक दाव्यातल्या चार डॉलरचा खरा हिशेब

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. सारांश असा: ‘क्लास ॲक्शन म्हणजे वकिलांचा धंदा. तुमच्या हातावर चार डॉलर, कोट्यवधी त्यांच्या खिशात. कंपन्यांना काडीचा फरक पडत नाही. असली पोस्टकार्डं सरळ कचऱ्यात टाका. खरंच नुकसान झालं असेल तर स्वतः भांडा.’ क्लास ॲक्शन म्हणजे सामूहिक दावा: एकाच कंपनीमुळे सारखंच नुकसान झालेल्या सगळ्यांच्या वतीने लढवलेला एकच खटला. त्यात तडजोड झाली की त्याची सूचना अशा पोस्टकार्डाने येते. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण हे वाचून लोक खरोखरच कार्डं फेकतात आणि हक्काचे पैसे बुडवतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘हातावर चार डॉलर’

कधी कधी खरंच तेवढेच. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं आणि ते रास्त आहे. २०१७ मध्ये तिथून १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. २०१९ च्या तडजोडीत ‘१२५ डॉलर रोख’ असा पर्याय जाहीर झाला, पण त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम होती ३ कोटी १० लाख डॉलर. भागाकार करून बघा, अडीच लाख अर्जांतच पैसे संपतात. अर्ज आले त्याच्या कितीतरी पट. लोक चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. मात्र ज्यांना चोरीमुळे प्रत्यक्ष भुर्दंड पडला होता, त्यांना त्याच तडजोडीत पुराव्यानिशी २० हजार डॉलरपर्यंत मागता येत होते. फिरत्या संदेशात हे वाक्य कधीच नसतं.

फोक्सवॅगनचं नावही नसतं. त्या कंपनीने डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचण्यांत लबाडी केली होती. २०१६ च्या तडजोडीत सुमारे पावणेपाच लाख गाड्या होत्या. लबाडी उघडी पडण्याआधी जी किंमत होती त्या किमतीला गाडी परत विकता आली, आणि मालकाला वर ५,१०० ते जवळपास १०,००० डॉलर मिळाले. इलिनॉयमध्ये फेसबुकने परवानगी न घेता चेहरे ओळखून साठवल्याच्या दाव्यात ६५ कोटी डॉलरची तडजोड झाली. तिथे सुमारे १६ लाख अर्जदारांना प्रत्येकी तीनशेहून जास्त डॉलर मिळाले.

बाकी बऱ्याच दाव्यांत रक्कम लहान असते, कारण प्रत्येकाचं नुकसानच लहान असतं. ते कसं होतं हे बँकांच्या ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त रक्कम वळती झाल्यावर लागणाऱ्या दंडाच्या, प्रकरणात छान दिसतं. समजा खात्यात १०० डॉलर आहेत. सकाळपासून तुम्ही ५, १०, १५ आणि २० डॉलरच्या चार खरेद्या केल्या आणि संध्याकाळी १२० डॉलरचं एक बिल गेलं. आले त्या क्रमाने हे व्यवहार नोंदवले, तर चारही खरेद्या शिलकीतून सुटतात, फक्त बिलाला पैसे कमी पडतात आणि ३५ डॉलरचा एक दंड बसतो. बँकेने रात्री क्रम बदलून सगळ्यांत मोठी रक्कम आधी वळती केली, की बिलानेच खातं उणे होतं आणि मागच्या चारही खरेद्यांवर वेगळा दंड लागतो. दंड पाच, एकूण १७५ डॉलर. पाच डॉलरच्या खरेदीवर पस्तीस डॉलरचा दंड! महिनाअखेरीला ज्यांच्या खात्यात शंभरच डॉलर उरतात, अशाच लोकांना हा फटका बसत होता. जादा गेलेल्या १४० डॉलरसाठी कुठला वकील कागद हातात धरणार आहे? लाखो खातेदारांचा दावा एकत्र झाला तेव्हा बँक ऑफ अमेरिकाने ४१ कोटी डॉलरची तडजोड केली आणि २०११ मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली. अर्ज भरायची भानगडच नव्हती. बँकेच्या नोंदींवरूनच कोणाला किती द्यायचं ते ठरलं आणि पैसे परस्पर खात्यात आले. भरपाई पूर्ण नव्हती, हेही सांगायला हवं. वकिलांना त्यातले ३० टक्के मिळाले.

‘सगळं वकील खातात’

तीस टक्के ही रक्कम लहान नाही. पण ‘सगळं’ या शब्दाला आधार नाही. अमेरिकी ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने २०१५ मध्ये बँका, कार्डं, कर्जं अशा विषयांतल्या, २००८ ते २०१२ दरम्यान पूर्ण झालेल्या ४१९ तडजोडी तपासल्या. एकूण आकडा होता २.७ अब्ज डॉलर. त्यात वकिलांची फी आणि खर्च मिळून गेले १८ टक्के.

या टीकेत जे खरं आहे ते मात्र मी झाकणार नाही. काही तडजोडी निव्वळ लाजिरवाण्या असतात. सांध्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांच्या एका दाव्यात कंपनीला ४७ लाख २० हजार ग्राहकांचे पत्ते माहीत होते. त्यांना पोस्टकार्डं गेली, पण पैसे हवे तर अर्ज भरा, पावती जोडलीत तर बाटलीमागे ५ डॉलर, नाहीतर ३. शेवटी ३०,२४५ लोकांनी अर्ज केले, त्यांच्या वाट्याला आले ८ लाख ६५ हजार डॉलर आणि वकिलांना मंजूर झाले १९ लाख ३० हजार. इतका किचकट अर्ज कशासाठी? लोकांनी कंटाळून सोडून द्यावा म्हणूनच. पत्ते हातात होते, तर कार्डाऐवजी तीन डॉलरचा चेकच पाठवायचा! अपील न्यायालयात न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच विचारलं आणि तडजोड रद्द केली. २०१७ मध्ये सबवेचं ‘फूटभर’ सँडविच फूटभर भरत नाही या दाव्यात वकिलांना ५ लाख २० हजार डॉलर आणि ग्राहकांना शून्य असा मामला होता. ती तडजोडही त्याच न्यायालयाने फेकून दिली. कूपनं वाटून मोठी फी उकळायच्या प्रकाराला तर २००५ च्या कायद्यानेच लगाम घातला. आता कूपनं दिली तर त्यांतली प्रत्यक्ष किती वापरली गेली, त्यावर फी ठरते.

फेडरल ट्रेड कमिशनच्या २०१९ च्या अहवालात अर्ज भरावा लागणाऱ्या तडजोडींमध्ये सरासरी ४ टक्केच लोक अर्ज करतात असं आढळलं. माझ्या मते खरं दुखणं इथे आहे. पत्ते आणि नोंदी कंपनीकडे असतील तिथे अर्ज मागूच नयेत, पैसे थेट द्यावेत. भांडायचं तर यासाठी भांडायला हवं.

‘कंपन्यांना काही फरक पडत नाही’

मग सामूहिक दावाच करू नका, असं कलम कंपन्या ग्राहकांशी होणाऱ्या करारात का घालतात? फोन, क्रेडिट कार्ड, ऑनलाइन खातं, काहीही घेताना ‘मान्य आहे’ वर बोट ठेवलं, की बहुतेक वेळा त्यातच लवादाची (तक्रार न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याची) अट आणि सामूहिक दाव्याला बंदी असते. ‘फुकट’ फोनवर विक्रीकराचे ३०.२२ डॉलर घेतल्याच्या तक्रारीत हे कलम वैध असल्याचा निकाल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. तीस डॉलरच्या तक्रारीसाठी एवढी मोठी कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, ती त्या तीस डॉलरसाठी नव्हे. शिवाय तडजोडीतून वागणूकही बदलायला लागते. त्याच इक्विफॅक्सला पाच वर्षांत माहितीच्या सुरक्षेवर किमान १ अब्ज डॉलर खर्च करायचं बंधन स्वीकारावं लागलं.

‘कार्ड कचऱ्यात टाका’

हा यातला सगळ्यांत घातक सल्ला. कार्ड नीट वाचा. त्यावर खटल्याचं नाव, न्यायालय आणि तीन मुदती असतात: अर्जाची, दाव्यातून बाहेर पडण्याची आणि हरकत नोंदवण्याची. काहीच केलं नाही, तर बहुतेक दाव्यांत पैसे मिळत नाहीत, आणि त्याच तक्रारीवर पुढे दावा करायचा हक्कही जातो. कमी मिळतंय वाटलं तर हरकत पाठवा. सबवेची तडजोड एका हरकत घेणाऱ्यामुळेच अपिलात गेली होती. आणि भरपाईच्या आधी कोणी ‘शुल्क’ मागितलं तर ती फसवणूक समजा.

‘स्वतः भांडा’

ऐकायला मर्दानी वाटतं. पण पोस्नर यांनीच २००४ मध्ये एका निकालात लिहिलं होतं की सामूहिक दावा नसेल तर १ कोटी ७० लाख वेगवेगळे दावे होणार नाहीत, एकही होणार नाही, कारण तीस डॉलरसाठी वेडा नाहीतर माथेफिरूच कोर्टात जातो. आणि लवाद? ब्युरोने २०१० आणि २०११ ची प्रकरणं पाहिली. ज्यांचा निकाल कळू शकला, त्यांत लवादाने ग्राहकाच्या तक्रारीवर भरपाई दिलेली प्रकरणं होती ३२. भरपाईची एकूण रक्कम पावणेदोन लाख डॉलरहूनही कमी. अख्ख्या देशात! तिकडे ४१९ तडजोडींत अब्जांचे आकडे.

म्हणूनच २०१७ मध्ये ब्युरोने बँका आणि कार्डांच्या करारांतली सामूहिक दाव्यांची बंदी रोखणारा नियम केला. त्याच ऑक्टोबरात सिनेटमध्ये ५०–५० मतं पडली, उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी निर्णायक मत दिलं आणि त्याचं पालन बंधनकारक होण्याआधीच तो नियम मोडीत निघाला.

तेव्हापासून प्रत्येकाने आपापला करार बघायचा. काही करारांत लवादाचं कलम नाकारायची सोय असते, बहुधा खातं उघडल्यापासून ३० किंवा ६० दिवसांत, आणि तेही पुष्कळदा कागदी पत्र पाठवूनच. माझ्या शेवटच्या कार्डाच्या करारात ती ओळ अकराव्या पानावर होती. नाव, पत्ता, खाते क्रमांक आणि ‘मला लवादाचं कलम मान्य नाही’ हे एक वाक्य लिहून मी दुसऱ्याच दिवशी पत्र टाकलं, आणि टपालाची पावती करारालाच टाचून ठेवली आहे.