‘१८ इंची गळ्यात मारले’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

आमच्याकडनं नेलेले बेसचे दोन १८ इंची स्पीकर मिरवणुकीत जळाले, त्यावरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तुम्हाला दुकानात दोन तास ताटकळावं लागलं आणि आमचा पोरगा तुमच्याशी तिरकं बोलला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गर्दी होती, पण ती सबब होत नाही. पोराला समज दिली आहे.

मात्र ‘२१ इंची घ्यायला गेलो, जुना माल खपवायला १८ इंची गळ्यात मारले’ हे वाक्य चार दिवस झाले डोक्यातनं जात नाही. गळ्यात मारायचंच असतं तर २१ इंचीच मारला असता की. तो एक ड्रायव्हर, म्हणजे नुसता स्पीकर, आणि वर तो बसवायची नवी पेटी, यात मला जास्त सुटत होतं.

तुमच्याकडं दोन पेट्या होत्या, दोन्ही १८ इंचीच्या. मापं तुम्हीच मोबाईलवर पाठवली होती, आतली रुंदी वीस इंच. २१ इंचीची फ्रेम बाहेरून साडेएकवीस भरते, ती त्यात बसवायची कशी? आणि बजेट एकाच २१ इंचीचं. म्हणून काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून हिशेब करून दाखवला. हवा ढकलतो तो कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा पडदा. १८ इंचीचा कोन साधारण १२०० चौरस सेंटिमीटर, २१ इंचीचा १६५० ते १७००. एकास एक लावला तर २१ भारीच, त्यात वाद नाही. पण तुमचे दोन १८ मिळून २४०० होतात, तेही घरच्याच पेट्यांत. तुम्ही स्वतः म्हणालात, ‘मग दोनच द्या.’ दोन तासांचा रिव्ह्यूत उल्लेख आहे, त्यातला पाऊण तास या हिशेबात गेला तो नाही.

आता जळाले त्याबद्दल. ‘३००० वॅट सांगून दिले’ असं लिहिलंय. ३००० ही प्रोग्रॅम पॉवर, म्हणजे गाण्याच्या चढउतारात अधूनमधून सोसायची; सतत सोसायची १५००. बिलाच्या मागं पेनानं लिहून दिलंय, बिल असेल तर बघा. दोन्ही कोन तुमच्यासमोर कापले. जुळणीत दोष असता तर कॉइल, म्हणजे कोनामागची तांब्याच्या तारेची गुंडाळी, एका बाजूनं घासलेली दिसली असती. तुमच्या दोन्ही कॉइल चारी बाजूंनी सारख्याच करपलेल्या होत्या. ती उष्णता.

आणि तुमचाच माणूस सांगत होता, मिरवणुकीत पापाची तिकटीपर्यंत दणका होता, पुढं बेस बसला, दणका उतरला म्हणून अॅम्प (अॅम्प्लिफायर) आणखी चढवला, गंगावेशीत दोन्ही गप. दादा, बेस बसतो तोच इशारा असतो. कॉइलचं तांबं अडीचशे अंशांनी तापलं की त्याचा रोध जवळजवळ दुप्पट होतो, मग अॅम्पमधनं पूर्वीइतकी पॉवर ओढलीच जात नाही. तिथं आवाज उतरवून कॉइलला दम खाऊ द्यायचा. वर चढवला तर २१ इंचीही त्याच चौकात जळाला असता. पॉवर हद्दीबाहेर जाऊ न देणारा लिमिटर मी लावून दिला होता, परत आला तेव्हा बंद होता. कुणी केला, मी विचारलं नाही.

जळालेल्या कॉइलला कंपनी वॉरंटी देत नाही, आणि खिशातनं भरण्याएवढं माझं दुकान मोठं नाही. काल एका मंडळानं तुमचा रिव्ह्यू वाचून ऑर्डर थांबवली. सीझनच्या या चार ऑर्डरींवर दोन पोरांचे पगार निघतात.

वॉरंटीच्या अटी मराठीत छापून लावायचं चाललंय, गर्दीच्या दिवसांत टोकनचंही बघतोय.

तुमच्या फ्रेम आणि मॅग्नेट दुकानात जपून ठेवलेत. रिकोन करून देतो, म्हणजे त्यातच नवा कोन आणि कॉइल बसवून देतो, मजुरी घेणार नाही, त्या कोन-कॉइलच्या किटचे पैसे तेवढे द्यावे लागतील. येताना अॅम्प आणा, आणि मिक्सरवर बसणाऱ्या पोरालाही घेऊन या. सोमवारी दुकान बंद असतं.