रोझ बर्ड अननुभवी नव्हत्या आणि बडतर्फही झाल्या नव्हत्या

रोझ बर्ड या कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश. कसलाही अनुभव नसताना राज्यपाल जेरी ब्राऊन यांच्या मर्जीने त्यांना हे पद मिळाले, त्यांनी साठेक खुनी मोकळे सोडले आणि अखेर त्यांना बडतर्फ करावे लागले, असा दावा वर्षानुवर्षे फिरत आला आहे.

१९७७ मध्ये नेमणूक होण्यापूर्वी त्या कधीही न्यायाधीश नव्हत्या, हे खरे आहे. परंतु सांता क्लारा परगण्यात त्यांनी १९६६ पासून आठ वर्षे गरीब आरोपींच्या वतीने सरकारी बचाव वकील म्हणून काम केले होते, स्टॅनफर्डमध्ये कायदा शिकवला होता आणि ब्राऊन यांच्या मंत्रिमंडळात शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा १९७५ चा कायदा घडवण्यात मोठा वाटा उचलला होता. अर्ल वॉरन हेही न्यायाधीशपदाचा अनुभव नसतानाच १९५३ मध्ये थेट अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले होते.

खुनी सोडल्याचा आरोप सर्वांत गंभीर आहे आणि सर्वांत दिशाभूल करणाराही. समोर आलेल्या फाशीच्या साठहून अधिक प्रकरणांपैकी प्रत्येकात बर्ड यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. त्यावर टीका करण्याचा अधिकार कोणालाही आहे, आणि एकाही प्रकरणात फाशी योग्य न वाटावी हे मलाही खटकते. मात्र फाशी रद्द होणे म्हणजे सुटका नव्हे. जिथे केवळ शिक्षा रद्द झाली तिथे दोषसिद्धी कायम राहून जन्मठेपेचा किंवा शिक्षेपुरत्या फेरसुनावणीचा मार्ग उरत होता, आणि जिथे दोषसिद्धीच रद्द झाली तिथे सरकारला खटला पुन्हा चालवता येत होता. शिवाय न्यायालय सात जणांचे होते; त्यामुळे किमान चौघांचे मत जुळल्याशिवाय कोणतीही शिक्षा रद्द होणे शक्य नव्हते, आणि बहुमताच्या त्या निर्णयांचे खापर एकट्या बर्ड यांच्यावर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

राहिला बडतर्फीचा मुद्दा. १९७८ च्या निवडणुकीच्या वेळी एक निकाल मुद्दाम रोखून धरल्याचा आरोप न्यायालयावर झाला होता, पण पुढच्या वर्षी त्याची चौकशी कोणावरही दोषारोप न ठेवता संपली. कॅलिफोर्नियात न्यायमूर्तींना पदावर ठेवावे की नाही, हे मतदार ठरवतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी बर्ड यांच्याविरुद्ध कौल दिला आणि त्याच मतदानात क्रूझ रेनोसो व जोसेफ ग्रोडिन या न्यायमूर्तींनाही पद गमवावे लागले. तो त्यांचा मतपेटीतला पराभव होता, गैरवर्तनाची शिक्षा नव्हती.