आप्पांच्या फ्लेक्सवरचं ते विमान

सकाळी स्टँडवर उतरलो आणि डोकंच फिरलं. आप्पांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. मागं लढाऊ विमान, खाली रणगाडा, कोपऱ्यात नेम धरून बसलेला कुठला तरी गोरा कमांडो, आणि वर मोठ्या अक्षरात 'शत्रूला कंठस्नान घालणारा मराठा लाईट इन्फंट्रीचा ढाण्या वाघ'. अरे बाबांनो, आप्पा ईएमईत होते! फौजेच्या गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणारी कोअर ती. ट्रेनिंग सिकंदराबादला. त्यांच्या जळक्या मोटारी भरायच्या दुकानाच्या पाटीवर 'कर्म ही धर्म' लिहिलेलं होतं ना, ते त्यांच्या कोअरचं ब्रीद. निम्म्या गावाला वाटायचं गीतेतलं आहे.

आणि खाली शोकाकुल म्हणून किती मुंडकी? मोजली मी, चौदा. आप्पांचा फोटो मात्र आधार कार्डावरचा, तोही ताणून रुंद केलेला.

माझ्यासाठी आप्पा म्हणजे एक कापडी पिशवी. 1991 ची गोष्ट, मी नववीत. उन्हाळ्यात आमची विहिरीवरची पाच एचपीची मोटार जळली. उसाला पाणी नाही, बाबांचं तोंड एवढंसं झालेलं. राजदूतवर मागं मोटार दोरीनं आवळून, मी तिला धरून, असे आम्ही दुकानात. आप्पांनी झाकण काढून नुसता वास घेतला. "तीनातली एक फेज गेली असताना चालू ठेवलीय. खरं बोला." बाबा गप्प. मग छिन्नीनं जुनं वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, कापलं, तार उपसून काढली, स्लॉट घासून कागद घातला, कॉइली भरल्या, वर बांबूच्या पट्ट्या ठोकल्या, वार्निश ओतलं आणि सुकायला आत दोनशे वॉटचा बल्ब लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी मोटार तयार. पैसे उसाचं बिल आल्यावर, असं ठरलं. आम्ही निघालो तर आप्पांनी हाक मारून ती पिशवी माझ्या हातात दिली. आत जळकी तांब्याची तार. वजन करून चिठ्ठी लावलेली, दोन किलो सातशे.

बाबा म्हणाले, आप्पा ठेवा की, मी काय करू याचं? तर केवढ्यांदा ओरडले! "मोटार तुमची तर तार बी तुमची. मोडीत घाला न्हाय तर गळ्यात घाला, हितं ठेवायची न्हाय."

ज्यांनी मोटारी भरून घेतल्यात त्यांना कळेल मी काय म्हणतोय. ती तार सहसा दुकानदाराकडंच राहते. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. बरं, काही जण मजुरीत वळती करतात, मान्य. पण चिठ्ठी लावून परत देणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

लढाईचं ते फारसं बोलायचे नाहीत. 1971 ला पूर्वेकडं होते. 3 डिसेंबरला युद्ध सुरू, 16 ला ढाक्यात शरणागती, आणि मधले सगळे दिवस हे चिखलात. रुतलेली गाडी ओढायची, चालू करायची, पुढं सोडायची. एकदा रात्रभर एका ट्रकखाली गिअरबॉक्स उतरवत पडले होते, उजेड दिसू नये म्हणून बॅटरीवर रुमाल बांधून. आम्ही पोरं विचारायचो, आप्पा, किती मारले? म्हणायचे, "मी पाना उचलला. बंदूकवाले पुढं गेले ते त्या ट्रकात बसून." बास. याच्यापुढं चहा.

हे फ्लेक्सवर का नाही चालत? आपल्या सातारा जिल्ह्यात फौजी काय नवीन आहे का, तिकडं अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात 46 जण गेल्याचा स्तंभ उभा आहे, तरी आपल्याला फौजी म्हटलं की बंदूकच लागते. 1980 मध्ये पेन्शन घेऊन आलेल्या माणसानं पुढं चाळीस वर्षं रात्रीची लाईट, कमी व्होल्टेज आणि लोडशेडिंगनं जळलेल्या आपल्या मोटारी भरल्या, त्याचं काहीच नाही का?

फ्लेक्स लावणाऱ्या पोरांनी स्वतःच्या खिशातनं पैसे घातलेत, तेवढं खरं. आणि आप्पा काही संत नव्हते. हाताखालच्या पोरांना पाना फेकून मारायचे, पगारात चिकट होते, आणि पाच मिनिटं उशीर झाला की शटर खाली.

दुपारी त्यातल्या एका पोराला गाठून सगळं सुनावलं. तो बिचारा म्हणाला, "दादा, ईएमईचं चिन्ह मोबाईलवर क्लिअर येत नव्हतं, म्हणून विमान टाकलं." काय बोलणार! रागच उतरला. त्यालाही ते पाना फेकून मारायचे म्हणे, सांगताना रडायला लागला.

येताना दुकानावरनं आलो. शटर अर्धं वर, नातू आत एकटाच. एक मोटार उघडलेली, आत बल्ब जळतोय. म्हणाला, दहावा होईपर्यंत बंद ठेवणार होतो पण यांचा ऊस वाळतोय. तराजूवर काळी तार पडली होती. मी काही विचारलं नाही.

त्या पिशवीचं सांगायचं राहिलं. बाबांनी तार मोडीत घातलीच नाही. माळ्यावर आहे अजून, चिठ्ठीसकट.