‘वायदा विकला की हेज अकाउंटिंग झालं’? नाही झालं

जिनिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत एक मजकूर फिरतोय : “एमसीएक्सवर रुईचा वायदा विकला की हेज अकाउंटिंग आपोआप लागू. कागद सीए मार्चमध्ये करून देतो. वायद्यातला तोटा मग नफातोट्यात दिसतच नाही, बँकेचीही कटकट नाही.” वाक्यं तीन, घोळ तिन्हींत. (एमसीएक्स हा वायदेबाजार. हेज म्हणजे भाव फिरण्याच्या जोखमीपासून बचावासाठी केलेला उलटा सौदा, आणि हेज अकाउंटिंग म्हणजे त्या सौद्याचा नफातोटा मालाच्या विक्रीबरोबरच दाखवण्याची हिशेबपद्धत.)

‘आपोआप’ काहीच लागू होत नाही. हेज अकाउंटिंग ऐच्छिक आहे. निवडलं नाही, तर वायद्याचा बाजारभावाने निघणारा फरक थेट नफातोट्यात जातो. लिस्टेड कंपनी किंवा 250 कोटींवर नेटवर्थ असेल तर इंड एएस 109 हे भारतीय लेखा मानक. बाकीच्या प्रायव्हेट लिमिटेड जिनिंगना 1 एप्रिल 2016 पासून लागू असलेली आयसीएआयची, म्हणजे सीएंच्या संस्थेची, मार्गदर्शक टिपणी. दोन्हीकडे लेखी नोंद लागतेच.

‘मार्चमध्ये कागद’ हे तर सगळ्यात महागात पडतं. मागची तारीख टाकता येत नाही. वायदा नोव्हेंबरात विकला आणि कागद फेब्रुवारीत केला, तर हेज फेब्रुवारीपासून. मधला तोटा नफातोट्यातच राहतो. शिवाय कागदात ‘यंदाचा माल’ असं मोघम लिहून भागत नाही. ‘फेब्रुवारी-मार्चमध्ये विकल्या जाणाऱ्या पहिल्या 1,000 गाठी’ असं लिहावं लागतं. सोबत कुठला करार, कुठली जोखीम, किती लॉट (वायद्याचं ठरलेलं माप), हेजची परिणामकारकता कशी मोजणार आणि वायद्याचा महिना संपल्यावर सौदा पुढच्या महिन्यात नेणार (रोलओव्हर) की नाही. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, आणि मग रोलओव्हर म्हणजे हेज संपला असा अर्थ निघतो.

आता ‘तोटा दिसत नाही’. आकड्यानेच बघू. 170 किलोच्या 1,000 गाठी म्हणजे साधारण 478 खंडी (खंडी सुमारे 356 किलोची). लॉट 48 खंडीचा, म्हणून 10 लॉट, 480 खंडी. समजा वायदा खंडीमागे 2,500 रुपयांनी चढला, पण हिंगणघाटात रुई 2,200 नेच वाढली. वायद्यात तोटा 12,00,000. विकायच्या मालाची वाढ 10,51,600. दोन्हींत जो आकडा लहान तेवढाच राखीव निधीत जातो, म्हणजे माल विकला जाईपर्यंत ताळेबंदात बाजूला राहतो. उरलेले 1,48,400 नफातोट्यात दिसतात. उलट वायदा कमी चढला असता, तर त्याचा पूर्ण तोटा राखीवमध्ये बसला असता. (व्याजाचा हिशेब सोपेपणासाठी सोडला आहे.) स्टेपल (धाग्याची लांबी), ओलावा, वाहतूक, डिलिव्हरी केंद्राचं अंतर, यांमुळे हा फरक राहणारच. वायद्यातला फरक मालातल्या फरकाच्या 80 ते 125 टक्क्यांत असला तरच हेज मानायचा, ही जुनी चौकट इंड एएस 109 मध्ये नाही, तरी काही ऑडिटर अजून तीच घेऊन बसतात.

कापूस खरेदीचा हेज करणाऱ्यांचं आणखी अवघड. क्विंटलभर कापसातून 34 किलोच्या आसपास रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. एक लॉट झाकायला सुमारे 500 क्विंटल कापूस लागतो, पण सरकीचा भाव पडला तर रुईचा वायदा काय कामाचा? रुईचा भाग वेगळा ओळखता आणि मोजता आला तरच तेवढ्याचा हेज दाखवता येतो. सोयाबीनवाल्यांनी तर हा मजकूर वाचूच नये. त्यांचा वायदा डिसेंबर 2021 मध्येच थांबवला गेला.

आणि बँक? हिशेब कसाही लिहा, वायदा विरुद्ध गेला की मार्जिनचे (बाजाराकडे भरायच्या अनामतीचे) पैसे रोजच्या रोज खात्यातून जातात. भाव हंगामातच चढला, तर तेव्हा सीसी लिमिट (बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा) कापसाच्या खरेदीत संपलेली असू शकते. राखीव निधीत दाखवलेला तोटा रोकड परत आणत नाही.

फायद्याचं असेपर्यंत ठेवू, नंतर हेज काढून टाकू, असंही इंड एएस 109 मध्ये चालत नाही. उद्दिष्ट तेच असेल तर मधेच स्वतःहून थांबवता येत नाही. आणि 1,000 पैकी 700 गाठीच विकल्या जाणार हे स्पष्ट झालं, तर उरलेल्या 300 गाठींचा राखीव त्याच दिवशी नफातोट्यात येतो. असं वारंवार झालं की पुढच्या हंगामात ‘विक्री होणं जवळपास नक्की’ या तुमच्या म्हणण्यावर ऑडिटर शंका घेऊ शकतो.