विज्ञानमालिका बंद पाडू इच्छिणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी काही सूचना

एखाद्या वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुखपदी आपली नुकतीच नेमणूक झाली असेल आणि आधीच्या साहेबांनी मंजूर करून ठेवलेली अंतराळातली महागडी मालिका आपल्या गळ्यात पडली असेल, तर मुळीच घाबरू नये. अशी मालिका एकदम बंद करणे असभ्य दिसते. ती प्रेक्षकांनीच नाकारली, असे कागदोपत्री दिसायला हवे. या विद्येत अमेरिकन वाहिन्यांनी साठ वर्षांत एवढी प्रगती केली आहे की, आपल्याला नव्याने काही शोधण्याचे कष्ट घ्यावे लागणार नाहीत.

सर्वप्रथम वार पाहावा. ज्या तरुण प्रेक्षकासाठी जाहिरातदार पैसे मोजतो, तो शुक्रवारी रात्री घरी नसतो; म्हणून मालिका शुक्रवारी रात्रीच लावावी. एनबीसी वाहिनीने ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेला तिसऱ्या पर्वासाठी आधी सोमवारच्या संध्याकाळचे आश्वासन दिले, मग शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली आणि जाता जाता खर्चालाही कात्री लावली. एकूण ७९ भागांनंतर ३ जून १९६९ रोजी मालिकेचा शेवटचा नवा भाग दाखवला गेला आणि त्यानंतर ४७ दिवसांनी माणूस चंद्रावर उतरला. इतका अचूक मुहूर्त साधणे सोपे नव्हे. ‘द एक्स-फाइल्स’ ही विज्ञानकथेची मालिका १९९३ मध्ये शुक्रवारीच सुरू होऊन धो धो चालली, हे खरे आहे. पण बैठकीत तो विषय कोणी काढत नाही, आपणही काढू नये.

वार ठरला की भागांच्या क्रमाकडे वळावे. येथे फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये ‘फायरफ्लाय’चे जे केले, ते प्रत्येक प्रशिक्षणार्थीने बारकाईने अभ्यासण्यासारखे आहे. मालिकेचा दोन तासांचा पहिला भाग तयार होता. त्यात एका मोडकळीस आलेल्या मालवाहू यानावर काही अनोळखी प्रवासी चढतात, त्यांच्या सामानात काय दडले आहे ते हळूहळू उघड होते आणि कोण कोणाचा कोण, हे प्रेक्षकाला कळते. वाहिनीला हे फार संथ वाटले. तेव्हा शनिवार-रविवारात एक आगगाडीच्या दरोड्याची कथा लिहून घेण्यात आली आणि २० सप्टेंबरला, अर्थातच शुक्रवारी, मालिकेची सुरुवात तिथून झाली. प्रेक्षकाची अवस्था लग्नघरात चुकून शिरलेल्या माणसासारखी झाली: सगळे एकमेकांना ओळखतात, याला मात्र कोणीच सांगत नाही की नवरदेव कोणता. पुढे भागांची आणखी उलटापालट झाली, मध्ये बेसबॉलसाठी एक शुक्रवार गेला आणि मालिका गुंडाळण्याचा निर्णय झाल्यावर, २० डिसेंबरला, तो मूळ पहिला भाग निरोपादाखल दाखवण्यात आला. तीन महिन्यांपासून ओळखीची असलेली माणसे त्या रात्री एकमेकांना प्रथमच भेटली. १४ भाग तयार होते, ११ दाखवले. यावर कोणी तक्रार केलीच, तर काळप्रवास हा विज्ञानकथेचाच भाग आहे, असे उत्तर द्यावे.

खर्चाचे कारण नेहमी हाताशी असू द्यावे, कारण ते खोटे नसते. घरगुती मालिकेला एक दिवाणखाना आणि एक स्वयंपाकघर पुरते. येथे दारसुद्धा बाजारातून आणून चालत नाही. मात्र हा खर्च मंजुरीच्या वेळीही माहीत होता, हे इतिवृत्तात येणार नाही याची काळजी घ्यावी.

यापेक्षा नाजूक काम मोजदादीचे आहे. प्रेक्षक कुठे पाहतो यापेक्षा आपल्याला कुठे पाहिलेले चालते, हे महत्त्वाचे. सायफाय वाहिनीकडे ‘द एक्स्पान्स’ या अंतराळमालिकेचे अमेरिकेतल्या टीव्हीवरील पहिल्या प्रक्षेपणाचेच हक्क होते, त्यामुळे जो प्रेक्षक ती नंतर इंटरनेटवर आवडीने पाहत होता, तो वाहिनीच्या हिशेबी जन्मालाच आलेला नव्हता. २०१८ मध्ये तीन पर्वांनंतर तिने मालिका सोडली, चाहत्यांनी विमानामागे फलक बांधून आकाशात फिरवला आणि ॲमेझॉनने ती उचलून आणखी तीन पर्वे चालवली. दुसऱ्याने चालवली म्हणजे आपण चुकलो, असे मानण्याची पद्धत या धंद्यात नाही. वाहिनीच विज्ञानकथेच्या नावाने काढलेली असली तरी संकोच बाळगू नये. याच वाहिनीने कुस्त्याही दाखवल्या, आणि कुस्तीला यानाची गरज लागत नाही.

उरतो तो चाहत्यांचा बंदोबस्त. हे लोक पत्रे लिहितात, आणि त्यांच्या पत्रांना कमी लेखू नये: नासाच्या पहिल्या स्पेस शटलचे नाव १९७६ मध्ये ‘स्टार ट्रेक’मधल्या यानावरून ‘एंटरप्राइझ’ ठेवले गेले, ते अशाच पत्रांच्या ढिगामुळे. २००७ मध्ये सीबीएसने अणुहल्ल्यानंतरच्या एका गावाची ‘जेरिको’ ही मालिका बंद केली, तेव्हा नायकाच्या तोंडी आलेल्या ‘नट्स’ (शब्दशः दाणे) या एका शब्दावरून चाहत्यांनी वाहिनीच्या कचेरीत कित्येक टन शेंगदाणे धाडले. वाहिनीने सात भाग वाढवून दिले, आता शेंगदाणे पुरे, अशी जाहीर विनंती केली आणि ते सात भाग संपताच २००८ मध्ये मालिका पुन्हा बंद केली. तेव्हा दर्शनी कक्षात थोडी मोकळी जागा ठेवावी, येणाऱ्या पोत्यांची पोच द्यावी आणि सात भागांची तरतूद आधीच करून ठेवावी. शुक्रवार कोणता रिकामा आहे, ते आपल्याला ठाऊक असेलच.