जज काय, कुणीही चालेल

सर्वप्रथम अभिनंदन. उजवा हात वर करून शपथ घेतलीत, हातात कागदी झेंडा आला, फोटो निघाला आणि सासर-माहेरच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरलाही. आता तुम्ही अमेरिकेचे नागरिक. राष्ट्राध्यक्ष कोण असावा याबद्दलची तुमची मतं ग्रीन कार्डाच्याही आधीपासून तयार होती, आता ती देताही येतील. इथवर ठीक. पण या देशानं नागरिकांच्या मागे आणखी एक लचांड लावून ठेवलंय. इथे जजही निवडून द्यावे लागतात.

सगळे नाही. फेडरल कोर्टाचे जज राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि सिनेट त्यांना मान्यता देतं, त्यात तुमच्या हाताला काम नाही. पण तुमचं स्पीडिंगचं तिकीट, भाच्याचा घटस्फोट, त्यातली मुलं कोणाकडे राहणार ही ओढाताण, घरमालकानं काढलेली नोटीस, तुमचं मृत्युपत्र, हे सगळं ज्या कोर्टात जातं ते राज्याचं. आणि बहुतेक राज्यांत त्या खुर्चीवर कोण बसणार किंवा बसून राहणार, हे कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मतदाराला विचारतात. मिसिसिपीनं तर १८३२ सालीच सगळे जज मतदानानं निवडायला सुरुवात केली. म्हणजे ही खोड जुनी आहे, तुमच्या-माझ्यासाठी कुणी मुद्दाम काढलेली नाही.

तर या लचांडातून अंग कसं काढून घ्यावं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्यापासून कसं वाचवावं, याबद्दल चार हिताच्या गोष्टी सांगतो. मी इलिनॉय राज्यात, शिकागोच्या कुक काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) राहतो. या विषयात आमची काउंटी म्हणजे विद्यापीठच आहे.

सुरुवात पॉटलकपासून (प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणापासून) करा. तिथे न्यायव्यवस्थेवर बोलायचं ते फक्त दिल्लीतल्या. कॉलेजियमचा विषय काढा. जजांनीच जजांना नेमायचं हे लोकशाहीत बसतं का, असा सवाल मसालेभाताची दुसरी वाढ घेताना टाका. न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती २०१५ साली सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं कशी रद्द केली, हे महिन्यासकट ऐकवा. कुणीतरी म्हणेलच, "अहो, जनतेनंच जज निवडायला पाहिजेत, बघा कसे सुतासारखे सरळ येतात!" सगळे माना डोलावतील. त्याच वेळी यजमानांच्या किचन काउंटरवर, कॉस्टकोच्या कूपनांखाली, पोस्टानं आलेलं बॅलट, म्हणजे मतपत्रिका, पडलेलं असतं आणि त्यावर पन्नास-साठ जजांची नावं असतात. त्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही एवढी दक्षता घ्या. वाटल्यास वर कोशिंबिरीचं पातेलं ठेवा.

बॅलटची रचनाही तुमच्याच सोयीची आहे. वर राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, काँग्रेस, मग राज्याची माणसं, मग काउंटीची, मग सांडपाणी मंडळाचे कमिशनर (हो, आमच्याकडे गटाराच्या पाण्याचं काय करायचं हे बघणारेही निवडून द्यावे लागतात) आणि सगळ्यांच्या शेवटी जज. तिथवर पोचेपर्यंत हाताला रग लागलेली असते आणि 'मी मतदान केलं'चा स्टिकर दारापाशी खुणावत असतो. राष्ट्राध्यक्षासमोरचा गोल भरला की स्टिकर मिळतोच. जजांचे गोल भरलेत का, हे कुणी तपासत नाही. सेल्फी काढा आणि घरी या.

काहींना मात्र कोरा रकाना बघवत नाही. शाळेत "एकही प्रश्न सोडू नका" असं बजावून वाढवलेली आपली पिढी. त्यांनी आडनावावरून मत द्यावं. ही पद्धत मी काढलेली नाही, ती कुक काउंटीत चांगली रुळलेली आहे. इथे बॅलटवर आयरिश नाव असलं की जज होणं सोपं जातं, बाईचं असलं तर आणखी सोपं, असं वकील मंडळी वर्षानुवर्षं मानत आली आहेत. मानून थांबली नाहीत, काहींनी कोर्टात अर्ज करून रीतसर नावं बदलून घेतली. प्रकार इतका वाढला की इलिनॉयनं २००७ साली कायदाच केला: गेल्या तीन वर्षांत नाव बदललं असेल तर बॅलटवर जुनं नावही छापायचं. मग काय, थांबायची तयारी ठेवायची. फिलिप स्पिवाक नावाचे एक वकील २०१२ साली शॅनन ओमॅली झाले आणि २०१८ साली निवडून येऊन जज झाले. सगळं कायद्यात बसवून. आपल्या मुलांना लॉ स्कूलला घालणाऱ्या पालकांनी यावरून योग्य तो बोध घ्यावा. ओ'कुलकर्णी हे नाव अजून कुणी घेतलेलं नाही.

नावाखालोखाल महत्त्व क्रमांकाला. यादीत पहिलं नाव असणाऱ्याला फायदा होतो, म्हणून अर्ज भरायच्या पहिल्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आत उमेदवारांची रांग लागते, आणि रांगेत असलेल्यांमध्ये पहिलं कोण हे सोडतीनं ठरतं. म्हणजे तुमच्या घटस्फोटाचा निकाल देणारा माणूस अंशतः चिठ्ठ्या टाकून आलेला असू शकतो. तुम्ही घरी बसलात तर चिठ्ठीचं वजन थोडं वाढतं, एवढंच.

आणखी एक युक्ती: मार्चमधली प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) चुकवा. आमच्या काउंटीत जजच्या बऱ्याचशा जागांवर नोव्हेंबरमध्ये विरोधी उमेदवारच नसतो, खरा सामना मार्चमध्येच उरकलेला असतो. मार्चमध्ये शिकागोत थंडी असते, मुलांच्या परीक्षा असतात, टॅक्सची कागदपत्रं असतात. शिवाय प्रायमरीत कुठल्या पक्षाचं बॅलट हवं हे मागून घ्यावं लागतं, आणि "आम्ही बाबा कुठल्याच पक्षाचे नाही" हे वाक्य अशा वेळी फार उपयोगी पडतं. पक्षाची माणसं मात्र त्या थंडीतही जातात. त्यांच्या यादीत नाव यावं म्हणून उमेदवारांनी पक्षाच्या खजिन्यात हजारो डॉलर भरलेले असतात, आणि ती यादी छापलेली कार्डं मतदारांच्या हातात ठेवायला बाहेर कार्यकर्ते उभे असतात. मेक्सिकोनं १ जून २०२५ रोजी देशभरातले जज निवडणुकीनं निवडायचा घाट घातला, तेव्हा तिथेही कुणाला मत द्यायचं याच्या घडीच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मतदान झालं जेमतेम १३ टक्के. आपण एकटेच आळशी नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.

नोव्हेंबरमध्ये आधीच खुर्चीत असलेल्या जजांची जी साठेक नावं येतात, त्यांच्यासमोर तर प्रतिस्पर्धी नसतोच. या जजला पदावर ठेवायचं का, एवढंच विचारलेलं असतं: हो की नाही. टिकायला ६० टक्के 'हो' लागतात. आकडा ऐकून वाटेल, वा, परीक्षा कडक दिसते! तर कुक काउंटीत १९९० नंतर थेट २०१८ सालापर्यंत एकही जज या परीक्षेत नापास झाला नाही. अठ्ठावीस वर्षं सगळे उत्तीर्ण. एवढा निकाल तर आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या तासालाही लागत नसे. २०१२ साली तर एक जजबाई निलंबित असताना, फौजदारी आरोपाला तोंड देत असताना, मतदारांच्या कौलानं पदावर राहिल्या. वकिलांच्या संघटनांनी "नको" असं स्पष्ट कळवलं होतं. पण ते वाचायचं कुणी?

हो, हे सांगायचं राहिलंच. शिकागो बार असोसिएशनसारख्या वकिलांच्या संघटना प्रत्येक जजची माहिती काढतात, मुलाखती घेतात आणि योग्य की अयोग्य ते फुकट जाहीर करतात. काही पत्रकार संस्था प्रत्येक जजची कुंडली मांडून ठेवतात: आधी काय करायचा, वरच्या कोर्टानं त्याचे निकाल किती वेळा फिरवले, तक्रारी काय. सगळं वाचायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. हे शेजाऱ्यांना अजिबात सांगू नका. नवीन डिशवॉशर घेण्याआधी तीन आठवडे रिव्ह्यू वाचणारी आपली माणसं, त्यांच्या हाती हे लागलं तर रात्री एक्सेल शीट होईल आणि सकाळी सगळ्या सबडिव्हिजनला ईमेल जाईल. लिहिलेला कागद मतदान केंद्रात नेता येतो, हे तर अगदी लपवून ठेवा.

पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीतल्या लोकांनी आपला हा सल्ला फार आधी पाळला होता. मार्क सियाव्हरेला हे तिथले जज १९९५ साली निवडून आले. मुलांच्या बाबतीत कडक म्हणून त्यांचं नाव होतं आणि लोकांना कडक जज आवडतात. २००५ साली मतदारांना विचारलं, यांना आणखी दहा वर्षं ठेवायचं का? मतदार म्हणाले, ठेवा. ते ज्या मुलांना कोठडीत पाठवत, त्या खासगी सुधारगृहांशी संबंधित लोकांकडून त्यांना आणि मायकल कोनाहन या दुसऱ्या जजला मिळून सुमारे २८ लाख डॉलर मिळाले होते, हे नंतर उघड झालं. एका मुलीनं शाळेतल्या सहायक मुख्याध्यापिकेची मायस्पेस या सोशल साइटवर टिंगल केली, तिला तीन महिने. अनेक मुलांच्या बाजूनं वकीलच नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला पुढे हजारो मुलांचे निकाल पुसून टाकावे लागले. २०११ साली सियाव्हरेला यांना २८ वर्षांची शिक्षा झाली. ती मतदारांनी दिली नाही, फेडरल कोर्टानं दिली. म्हणजे ज्यांना कुणी निवडून दिलेलं नसतं, त्या जजनं. कॉलेजियमवाल्या काकांना हा मुद्दा सांगू नका, रात्रीचे दोन वाजतील.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या एका मतानं काय होतंय? अगदी बरोबर. नॉर्थ कॅरोलिनाच्या मंडळींना विचारा. रॅली-केरी-मॉरिसव्हिल भागात आपली माणसं भरपूर. तिथे २०२० साली राज्याच्या सरन्यायाधीशपदाची निवडणूक झाली. सुमारे ५४ लाख मतं पडली आणि पॉल न्यूबी ४०१ मतांनी जिंकले. ४०१. मंडळाच्या गणपतीच्या जेवणाला यापेक्षा जास्त ताटं उठतात. २०२४ साली त्याच कोर्टाच्या दुसऱ्या जागेसाठी ॲलिसन रिग्ज ७३४ मतांनी पुढे राहिल्या, आणि हरलेल्या उमेदवारानं ६५ हजारांच्या वर मतं बाद करा म्हणून दावा लावला. बहुतेकांवर आक्षेप काय, तर नोंदणीच्या माहितीत लायसन्सचा किंवा सोशल सिक्युरिटीचा आकडा नाही. ज्यांची मतं धोक्यात होती त्यांत आयुष्यभर नेमानं मत देणारी माणसंही होती. निकाल लागायला मे २०२५ उजाडला. एवढा त्रास त्या बिचाऱ्यांना का झाला? कारण ते मत द्यायला गेले होते.

विस्कॉन्सिन तर आमच्या शेजारचंच, डेल्सच्या वॉटरपार्कला जाताना लागतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला. इलॉन मस्क स्वतः ग्रीन बेला आले आणि दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक देऊन गेले. त्यांचा उमेदवार दहा टक्क्यांनी पडला, तो भाग वेगळा. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणल्या जाणाऱ्या या गृहस्थाला विस्कॉन्सिनच्या जजच्या निवडणुकीचं इतकं का पडलं असेल, यावर विचार करू नका. मुलांना घसरगुंडीवर पाठवा.

राहता राहिले शेजारी. इथे एक गोष्ट मात्र गंभीरपणे: जो अजून ग्रीन कार्डावर किंवा एच-वनवर आहे, त्याला चुकूनही मतदानाला ओढू नका. नागरिक नसताना मत दिलं तर माणूस देशाबाहेर जाऊ शकतो. बाकी सगळे तुमच्या टप्प्यात आहेत. समोरचे निवृत्त आजोबा, ज्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ तुमचा मुलगा काढतो, त्यांना गाडीची गरज आहे का हे विचारू नका. मागच्या गल्लीतली नवी नागरिक झालेली वहिनी "जजचं काय करायचं हो?" असं विचारेल, तिला "सगळे सारखेच गं" म्हणून वाटेला लावा. पोस्टानं बॅलट मागवता येतं, काही आठवडे आधीही मत देता येतं, नोंदणी राहिली असेल तर आमच्या इलिनॉयमध्ये मतदानाच्या दिवशीही होते, ही तीन वाक्यं तोंडातून निसटू देऊ नका. ती संसर्गजन्य आहेत. एकानं दुसऱ्याला सांगितली की एक गल्ली जाते, आणि गल्ली गेली की ४०१ चा आकडा फार लांब राहत नाही.

तरीही कुणाला निवडणुकीची खुमखुमी आलीच तर तिच्यासाठी आपलं मंडळ आहे. खजिनदारपदासाठी दोन पॅनल पाडा, घटनेतल्या सातव्या कलमावर रात्री अकरापर्यंत झूमवर भांडा, आजीव सभासदांची यादी घेऊन घरोघरी फोन लावा, गाड्या पाठवून मतदार आणा. प्रचार कसा करायचा, शेजाऱ्याला बाहेर कसं काढायचं, हे आपल्याला येत नाही असं कोण म्हणतं?

बाकी चिंता नसावी. एखाद्या दिवशी रोलिंग मेडोजच्या कोर्टात उभं राहायची वेळ येईल, पासष्ट मैलांनी गाडी हाकल्याबद्दल नाही तर आणखी कशाबद्दल. समोर बसलेल्याला "युअर ऑनर" म्हणा. नाव माहीत असायची गरज नाही, टेबलावर पाटी असते. आयरिश असेल बहुतेक.